मोडककाका आणि दोनशे त्र्याहत्तरची पिनियन

एस्प्लनेडहून तारातल्याकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये एक म्हातारा उठून ड्रायव्हरपाशी गेला आणि बंगालीत मोठमोठ्यानं काहीतरी सांगायला लागला. माझी कोलकात्याला बदली होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि बंगालीचं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, भांडण जुंपलं. कंडक्टर वैतागला, मागचे लोक वैतागले, ड्रायव्हरनं तर मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. म्हातारा परत आला, माझ्या शेजारी धपकन बसला आणि स्वतःशीच म्हणाला, "गाढव आहे. चार दिवसांत रस्त्यात बसेल."

पंधरा दिवसांत घराबाहेर कानावर पडलेलं हे पहिलं मराठी वाक्य. मला इतका आनंद झाला की मी लगेच नाव, गाव, सगळं विचारायला लागले. त्यांनी त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. एक बोट वर केलं आणि म्हणाले, "शोनो, ऐक. आता त्यानं अ‍ॅक्सिलरेटर सोडला. आवाज येतोय?" मला हॉर्नशिवाय काही ऐकू येत नव्हतं, पण मी आपलं हो म्हटलं. ते खोटं आहे हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. "नाही येत," ते म्हणाले, "पण येईल."

ती मिनीबस पाचव्या दिवशी दोरखंडानं ओढत त्यांच्याच वर्कशॉपमध्ये आली. ड्रायव्हर ओशाळला होता. मोडककाकांना मात्र आपला अंदाज एका दिवसानं चुकला याचीच चुटपूट लागून राहिली होती.

मोडक घराण्याची कोलकात्यातली ही तिसरी पिढी. आजोबा मिरजेहून नोकरीसाठी आले, ते इथलेच झाले. तारातल्याला काकांचं वर्कशॉप होतं. सहा माणसं, पत्र्याचं छप्पर आणि काम फक्त गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं. इंजिनाचं काम आणलं तर ते रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपकडे बोट दाखवायचे. घरात त्यांना भाऊ म्हणत. बंगाली कामगारांनी त्याला आपला दा जोडला आणि त्यांचा भाऊदा झाला, म्हणजे दोन्ही भाषांतला थोरला भाऊ एकाच माणसाच्या वाट्याला आला. आडनाव मोडक आणि धंदा दुरुस्तीचा, यावर आमच्या मराठी मंडळात प्रत्येक नव्या माणसाला एकदा विनोद करायची मुभा होती. दुसऱ्यांदा कुणी केला तर काका उठून जायचे.

मी, वृंदा, एका सरकारी कंपनीत वाहतूक विभागाची अधिकारी. बजबजच्या आमच्या डेपोत आठ ट्रक होते. वंगणाची पिंपं भरायची आणि बराकपूरपासून पार मेदिनीपूरपर्यंत पोचवायची. बाईमाणूस आणि ट्रक ही जोडी ऐकून लोक भुवया उंचावायचे. काकांनी एवढंच विचारलं की डिफरन्शियल म्हणजे काय ते माहीत आहे का. मी म्हटलं, तो मागच्या एक्सलच्या मधोमध असतो तो गोल डबा. त्यांचा चेहरा एकदम खुलला. कोरी पाटी मिळाल्याचा आनंद होता तो.

त्या पाटीवर त्यांनी पहिलं अक्षर गिरवलं ते गणपतीच्या मिरवणुकीत. मंडळाच्या मुली चार-चारच्या रांगेत लेझीम खेळत होत्या. कोपरा आला, की आतल्या बाजूची मुलगी पुढे निघून जायची, बाहेरची मागे पडायची आणि रांग मोडायची. काका पांढरं धोतर सावरत धावत पुढे गेले आणि ओरडले, "डिफरन्शियल! आतलीनं जागेवर, बाहेरचीनं पळायचं!" मुलींना तो शब्द पाठ होता. आतली जागच्या जागी पाय नाचवत राहिली, बाहेरची धावत वळली आणि रांग पट्टीनं आखल्यासारखी कोपऱ्यावरून फिरली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "कळलं? वळताना दोन्ही चाकांना वेगळा वेग लागतो. दोघांना एकाच वेगानं ओढलं तर काहीतरी तुटतं. त्या गोल डब्यात एवढंच असतं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एवढंच करायला देवालासुद्धा बुद्धी खर्च करावी लागली असती."

त्यांचा उत्साह हा असा कुठेही उतू जायचा. लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याला हाताच्या बोटांनी दातात दात कसा बसतो ते दाखवायचे आणि पानातलं श्रीखंड खायचंच विसरून जायचे. उजव्या हाताची बोटं नेहमी निळी. गिअरचे दात नीट बसले की नाहीत हे पाहायला दातांवर निळा रंग लावतात, गिअर हातानं फिरवतात, की जिथे दात दाताला लागतो तिथला रंग पुसला जाऊन छाप उमटते. छाप दाताच्या मधोमध आली तर काम बरोबर. कडेला आली, टोकाला आली, तर पुन्हा खोला. काका त्या छापेकडे असे बघायचे, जसं बाकीच्यांनी जावयाकडे बघावं. आपल्या डोळ्यांनी छाप पाहिल्याशिवाय त्यांनी एकही गाडी बाहेर सोडली नाही, हे तारातल्यापासून बजबजपर्यंत कुठल्याही ड्रायव्हरनं सांगितलं असतं. दोन गाड्या सोडून, असं आता म्हणावं लागतं. आणि त्यातली एक माझी होती.

त्या ट्रकवर निताई सामंत ड्रायव्हर होता. वय चोपन्न, बजबजचाच. एजन्सीमार्फत कंत्राटी, पण त्या एकाच ट्रकवर इतकी वर्षं, की ट्रक कंपनीचा आहे हे त्याला अधूनमधून आठवण करून द्यावं लागे. ऑगस्टअखेरीस त्याच्या मागच्या एक्सलमधून घरघर सुरू झाली. काकांनी उघडून पाहिलं, क्राउन आणि पिनियन दोन्ही झिजलेले. क्राउन म्हणजे मोठं दातेरी चाक आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा छोटा गिअर. ही जोडी कारखान्यातूनच एकमेकांवर घासून, जुळवून येते आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. आमच्या जोडीचा नंबर दोनशे त्र्याहत्तर. त्याच सुमाराला तागाची वाहतूक करणाऱ्या एका मालकाचा तसाच ट्रक वर्कशॉपमध्ये आला होता, त्याच्यासाठीही नवी जोडी आली होती. तिचा नंबर सहाशे अठरा.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा असते. त्या दिवशी कोलकात्यातल्या एकाही वर्कशॉपमध्ये पान्याला हात लावत नाहीत. हत्यारं धुऊन, पुसून देवापुढे मांडतात, यंत्रांना शेंदूर लावतात, पोरंसोरं आणि म्हातारेसुद्धा छपरांवर चढून पतंग उडवतात. आदल्या दिवशी दुपारी मी वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा काका नाचायचेच बाकी होते. दोनशे त्र्याहत्तरची छाप आली होती. मला हाताला धरून त्यांनी टॉर्च मारून दाखवली. दाताच्या बरोबर मध्यावर, लांबट, स्वच्छ, भाताच्या दाण्यासारखी. बेचाळीस वर्षांत अशी छाप चार वेळा आली असेल, म्हणाले. आणि त्याच आनंदात त्यांनी हुकूम सोडला: खोला, धुवा, उद्या ही जोडी देवापुढे ठेवायची. एकटी बरी दिसणार नाही म्हणून डावीकडे दोनशे त्र्याहत्तर, उजवीकडे सहाशे अठरा. दुसऱ्या दिवशी मी प्रसादाची खिचडी खायला गेले, तेव्हा झेंडूच्या माळांमध्ये ते दोन झगझगीत क्राउन आणि पुढे दोन पिनियन पाहून माझेसुद्धा हात आपोआप जोडले गेले.

आता माझं सांगते. मला स्वभावानं घाई. बराकपूरला माल पोचवायचा होता, दोन दिवस आधीच उशीर झाला होता. काका म्हणाले, उद्या मंडळाच्या गणपतीचं विसर्जन, मी दिवसभर नाही, परवा बसवतो, छाप बघतो, तेरवा गाडी घे. मी म्हटलं, "काका, छाप तर तुम्ही पाहिलीच आहे ना? शंभूदा बसवतील की." शंभूदा म्हणजे त्यांचा मुख्य मिस्त्री, वीस वर्षांचा अनुभवी. काका घुटमळले. इतका वेळ घुटमळलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, बरं. तुझ्यासाठी म्हणून. तसंच बसवायला सांगतो.

शंभूदांनी तसंच बसवलं. तागवाल्या मालकालाही घाई होतीच, त्याचीही जोडी त्यांनी त्याच दिवशी बसवून दिली.

पहिल्या आठवड्यातच निताई मला सांगायला आला होता. मॅडम, गाडी में आवाज है, अ‍ॅक्सिलरेटर छोड़ने से रोता है. मी म्हटलं, नवीन गिअर आहे, बसेल हळूहळू. काकांच्या हातचं काम, त्याला काय होणार. तिसऱ्या आठवड्यात, भरलेला ट्रक महेशतल्यापाशी असताना मागून बंदुकीसारखा आवाज झाला आणि मागची चाकं जागच्या जागी धरली गेली. ट्रक आडवा झाला. निताईनं तो दुभाजकाला घासत थांबवला, म्हणून शेजारून जाणारी रिक्षा वाचली. पिनियनचे तीन दात तुटले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी निकाल लावून टाकला. गिअर नवा, वर्कशॉप नावाजलेलं, म्हणजे चूक ड्रायव्हरची. जास्त माल भरला असेल, क्लच दणकन सोडला असेल. एजन्सीला कळवा आणि माणूस बदला. मी म्हटलं, त्यानं आवाजाची तक्रार माझ्याकडे केली होती, मीच दुर्लक्ष केलं. साहेब म्हणाले, तोंडी तक्रारीला पुरावा काय? आणि मिस्त्री काही वेगळं म्हणाला तरी उपयोग नाही, ड्रायव्हर आणि मिस्त्री एकमेकांना सांभाळूनच घेतात. चार दिवसांची मुदत दिली. चोपन्नाव्या वर्षी "निष्काळजी" असा शेरा घेऊन उतरवलेल्या ड्रायव्हरला पुन्हा कोण घेणार? निताईनं माझ्या टेबलासमोर उभं राहून एकच वाक्य म्हटलं, "हम झटका नहीं दिया, मॅडम." बाकी काही मागितलं नाही.

ट्रक ओढून तारातल्याला नेला. काकांनी कुणालाच हात लावू दिला नाही, स्वतः उताणे होऊन गाडीखाली शिरले. मी आणि निताई बाहेर उकिडवे बसलो होतो. नट पडल्याचे आवाज, तेल गळल्याचा आवाज, मधूनच काकांचं "हं". शेवटी ते सरपटत बाहेर आले. हातात तुटकी पिनियन. तिच्या चपट्या तोंडावर तेलात भिजलेला शेंदराचा थर होता. विश्वकर्म्याचा टिळा. शंभूदांनी तो श्रद्धेनं तसाच ठेवला होता. काकांनी तो अंगठ्यानं पुसला, डोळ्यांजवळ नेला आणि गरजले, "सापडलं! वृंदा, सापडलं! बघ, नंबर बघ!"

सहाशे अठरा. क्राउन मात्र दोनशे त्र्याहत्तर.

काका आनंदानं थयथय नाचत होते. निताईच्या पाठीवर थाप मारून बंगालीत सांगत होते, की तुझी काही चूक नाही, जोडीच दुसऱ्याची बसली, देवापुढून उचलताना अदलाबदल झाली, हिचे दात त्याला लागणारच नव्हते. कोडं सुटल्याचा तो निखळ आनंद होता. आणि मग, बोलता बोलताच, ते कोडं कुणी घातलं हे त्यांच्या ध्यानात आलं. हात खाली आले. त्यांनी पिनियन बाकावर ठेवली, तिच्याकडे पाहत राहिले. शंभूदा काही म्हणायला पुढे झाले, तर काकांनी मानेनंच नको म्हटलं. "तू कशाला," ते म्हणाले. "देवापुढे मी ठेवली. छाप बघायला मी आलो नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, घाई माझी होती. त्यांनी ऐकलंच नाही, कारण तेवढ्यात त्यांच्या डोक्यात पुढचा दात फिरला होता.

"दोनशे त्र्याहत्तरची पिनियन कुठे आहे?"

दुसऱ्या ट्रकमध्ये. अर्थातच दुसऱ्या ट्रकमध्ये. त्याचा ड्रायव्हर रामाश्रय ताग भरून बिहारकडे नेत असे आणि त्याच्या एक्सलमध्ये ही दुसरी विजोड जोडी गेले तीन आठवडे दात घासत होती. चालत्या गाडीत ती तुटली, तर महेशतल्यासारखा दुभाजक सगळीकडे नसतो. आणि निताईचा पुरावाही तिथेच होता. एका तुटक्या पिनियनवर साहेब विश्वास ठेवणार नव्हते, पण दोन गाड्यांत उलटसुलट नंबर निघाले तर बोलायला जागाच उरत नव्हती. मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, गाडी बजबजच्या ज्यूट मिलमध्ये भरून तयार आहे, तासाभरात सुटेल. रामाश्रयचा फोन लागेना. मालक म्हणाला, गाडी सुरेख पळते, उगाच थांबवू नका.

टॅक्सी मागवली, तर नकाशावर बजबज रोड लालभडक. काका म्हणाले, "ट्रेन." ब्रेस ब्रिज स्टेशन पायी दहा मिनिटं. सत्तरीचे काका, पन्नाशीचा निताई आणि ऑफिसच्या साडीतली मी, असे आम्ही तिघं तारातल्याच्या फुटपाथवरून धावत सुटलो. लोकल फलाटावर शिरतच होती. तिकिटं काढली नाहीत, हे कबूल करते. काका लोकलच्या दारात उभे राहून पुढची स्टेशनं मोजत होते. मला, खरं सांगायचं तर, मजा येत होती. एका ट्रकच्या मागे लोकल ट्रेननं लागलेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

बजबजला उतरलो आणि एक टोटो पकडली. ती बॅटरीवरची तीनचाकी, तिघं बसल्यावर पुढचं चाक उचलायला बघत होती. मिलचा रस्ता अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दुकानं. अर्ध्या वाटेत काकांनी टोटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. समोर वळण होतं, दिसत काहीच नव्हतं.

"शोनो," ते म्हणाले. "येतोय."

आणि मला ऐकू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा, स्वच्छ. लांबून एक बारीक, रडका सूर, चढणारा, मग एकदम खाली येणारा. निताईनंही मान हलवली. हाच, म्हणाला, अगदी हाच. वळणावरून तागाच्या गासड्यांनी टम्म भरलेला ट्रक आला आणि मी काही म्हणायच्या आत काका रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. ट्रक कर्कश ब्रेक लावत त्यांच्यापासून चार हातांवर थांबला.

रामाश्रय खाली उडी मारून शिव्याच द्यायला लागला. काकांनी त्याला दिल्या तेवढ्या देऊ दिल्या. मग म्हणाले, पाच मिनिटं दे, काही निघालं नाही तर तुझ्या गाडीचे पाय धरीन. पाना, तेलाचं भांडं शेजारच्या टायरवाल्याकडून आणलं. डिफरन्शियलच्या तळाच्या झाकणाला आतून चुंबक असतो, झिजलेलं लोखंड त्याला चिकटतं. नव्या गाडीत तिथे करडी धूळ सापडते. काकांनी झाकण काढून रामाश्रयच्या तळहातावर ठेवलं. त्यावर चकाकणाऱ्या कपच्यांचा झुबका होता, आणि त्यात नखाएवढा एक दाताचा तुकडा. रामाश्रय त्याकडे बघत राहिला. त्याची बायको आणि मुलगी पाटण्यापर्यंत त्याच गाडीतून जाणार होत्या. केबिनच्या खिडकीतून त्या आमच्याकडेच पाहत होत्या. त्यानं गाडीची किल्ली काढली आणि काकांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या साहेबांना मी अक्षरशः ओढत तारातल्याला नेलं. त्यांच्या समोर, ओढून आणलेल्या रामाश्रयच्या ट्रकचा डिफरन्शियल उघडला. क्राउन सहाशे अठरा, पिनियन दोनशे त्र्याहत्तर. साहेबांनी दोन्ही नंबर स्वतः चष्मा वर करून वाचले. माणूस वाईट नव्हता, नियमांना घाबरणारा होता. त्यांनी निताईकडे पाहून मान हलवली, ते पुरेसं होतं. मग काकांना बाजूला घेऊन म्हणाले, की अहवालात "मालातील दोष" असं लिहू, सगळेच सुटतील, तुमचंही नाव यायला नको.

काका एवढे संतापलेले मी तेव्हाच पाहिले. "मालात दोष नाही," ते म्हणाले. "त्या दातांनी काय बिघडवलंय? त्यांना जोडीदार चुकीचा मिळाला. तो मी दिला." आणि त्यांनी तिथेच कागद मागून स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की जोडी आपल्या वर्कशॉपमध्ये बदलली गेली, बसवल्यावर छाप घेतली नाही, जबाबदारी मालक म्हणून आपली, ड्रायव्हर आणि मिस्त्री निर्दोष. शंभूदांना ते वाचून दाखवलं, तेव्हा शंभूदा रडले. मी माझ्या घाईबद्दल एक ओळ घालायला सांगितली. काका म्हणाले, "तू गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला घाई असतेच. नाही म्हणायचं काम माझं होतं."

नियमांना अर्थातच असं पत्र पोटात घालता येत नाही. मंजूर वर्कशॉपांच्या यादीतून त्यांचं नाव निघालं, कंपनीची गाडी त्या दारात न्यायला मनाई झाली. त्या आदेशावर वाहतूक अधिकारी म्हणून सही माझी. काका मंडळात भेटत राहिले, तसेच बोलत राहिले. पुढच्या विश्वकर्मा पूजेच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा करून नवा नियम सांगितला म्हणे: देवापुढून उचललेली प्रत्येक वस्तू कोरी समजायची आणि तिचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. शंभूदांनी तो भिंतीवर रंगवून घेतला.

दोन वर्षांनी माझी नागपूरला बदली झाली. शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, मी हट्टानं निताईच्या ट्रकमधून डेपोपासून शहरापर्यंत निघाले. एवढे ट्रक रवाना केले, पण केबिनमध्ये बसून लांब कधी गेले नव्हते. निताई आनंदात होता, मुलीच्या लग्नाचं सांगत होता. तारातल्याला काकांचं वर्कशॉप दिसायला लागल्यावर त्यानं वेग कमी केला. माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं, जरा अवघडला, पण गाडी थांबवलीच. दारात नाही, रस्त्याच्या या बाजूला, आदेश न मोडता.

त्यानं हॉर्न वाजवला नाही. तरी काका बाहेर आले. हात फडक्याला पुसत उंबऱ्यावर उभे राहिले आणि डोळे मिटले. निताईनं गाडी हळूच पुढे काढली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. त्याचं लक्ष आरशातल्या त्या मिटल्या डोळ्यांकडे होतं. दर गुरुवारी, मॅडम, तो पुटपुटला. भाऊदा को सुनाए बिना हम बराकपूर नहीं जाता.

मी खिडकीतून हात हलवला. काकांनी मला पाहिलं की नाही कोण जाणे, त्यांचा सगळा जीव मागच्या एक्सलपाशी होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि जा म्हणून हात वर केला. निताईनं गिअर टाकला.